आप्पांचा फोन, सोसायटीचा डीव्हीआर आणि एक रविवार

गंगापूररोडकर

मंडळी, हा धागा दोन महिने लांबला, कारण गोष्ट सासऱ्यांची आहे आणि त्यांची परवानगी हवी होती. काल मिसळ खाता खाता ते म्हणाले, "लिही. पण माझं नाव घालू नको, आणि मी मूर्ख होतो असं लिहू नको." दोन्ही अटी मान्य.

आप्पा इंदिरानगरला राहतात, वय ७४, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त. खोटी नोट बघायचीही गरज पडत नाही, बोटाला कळते. अशा माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सिन्नरच्या चुलतभावाच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके', म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप घालायची फाइल. त्यांना वाटलं, पत्रिकेची ही नवी तऱ्हा असेल. दाबलं. फोनने विचारलं, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप घालू का? हो. एसएमएस वाचू देऊ का? हो. पत्रिका काही उघडली नाही, कुठे चिन्हही दिसेना, म्हणून विसरून गेले. दुसऱ्या दिवशी दोन वेळा मिळून खात्यातून ३८ हजार गेले.

ओटीपी त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. सांगायची गरजच नव्हती. ते अ‍ॅप आलेला प्रत्येक एसएमएस परस्पर पुढे धाडत होतं.

आणि मग आप्पा चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. जेवायला बसायचे, अर्धी पोळी टाकून उठायचे. सासूबाईंना वाटलं पित्त झालंय. मला ३८ हजारांपेक्षा ते चार दिवस जास्त लागले, कारण त्यात माझा वाटा आहे. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी केवायसीची एक बोगस लिंक कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली होती, तेव्हा जेवणाच्या टेबलावर आम्ही सगळे खो खो हसलो होतो. मी सगळ्यात मोठ्याने. तो हशा लक्षात ठेवून माणूस गप्प बसला. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर त्यांना पाठ होता, फोन लावला की कानावर पडायचाच. पण १९३० ला फोन केला की पोलिसांचा फोन येणार, तो घरात कुणीतरी ऐकणार.

हा नंबर वेळेवर का लावायचा, तर तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला किंवा वॉलेटला ती कळवली जाते आणि पैसे अजून तिथेच असतील तर गोठवता येतात. चोर काही पैसे एका खात्यात ठेवून झोपत नाही, काही तासांत चार ठिकाणी फिरवून काढून घेतो. आम्ही पाचव्या दिवशी लावला. साडेसहा हजार कुठल्याशा खात्यात अडकलेले सापडले. बाकीचे गेले.

त्या रविवारी मी आणि मेहुणा आप्पांकडे बसलो, सकाळी दहा ते दिवेलागण. आधी फोन. नेट बंद, सिम बाहेर, आणि बँकेला फोन दुसऱ्या फोनवरून (कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर, गुगलवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर'वर नाही, तो आणखी एक खड्डा). चिन्ह लपवलेलं अ‍ॅप सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या पूर्ण यादीत सापडलं. नाव ठेवलं होतं 'सिस्टिम अपडेट'सारखं काहीतरी. त्याने 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची परवानगीही घेतलेली. ती परवानगी अंध किंवा हात नीट न चालणाऱ्या माणसांच्या सोयीसाठी असते. ती मिळाली की अ‍ॅपला पडदा वाचता येतो आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. 'अनइन्स्टॉल' दाबलं की पडदा आपोआप मागे जायचा. शेवटी फोटो उतरवून घेतले आणि फोन फॅक्टरी रीसेट केला. सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये एक अनोळखी कॉम्प्युटर निघाला, तो काढला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावला. तोवर आप्पांच्या नंबरवरून तीच पत्रिका साठेक जणांना गेली होती, भजनी मंडळाच्या ग्रुपसकट.

मग राऊटर. नेटवाल्याने २०१९ साली लावला तसाच. आत शिरायचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन', वायफायचं नाव आडनाव आणि फ्लॅट नंबर, म्हणजे खाली चहाच्या टपरीवर उभ्या माणसालाही पत्ता कळावा. दोन्ही पासवर्ड बदलले (वायफायचा वेगळा, राऊटरच्या आतला वेगळा, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं), फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, बाहेरून राऊटर उघडण्याची सोय बंद केली, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी पिनने वायफायला जोडायची सोय) बंद केलं. डब्ल्यूपीएसचा पिन दिसतो आठ आकडी, पण शेवटचा आकडा पडताळणीचा असतो आणि पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ मध्येच उघड झालंय.

संध्याकाळी मेहुण्याने विचारलं, खाली सोसायटीच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) कोण बघतं? चेअरमन म्हणाले, "तो लावून गेला, तोच." पुढे कुणालाच काही सांगता येईना. माहितगारांनी लिहावं.

निफाडचा बागायतदार

दादा, आमच्याकडं लग्नपत्रिका नाही, 'पीएम किसान' नावाची एपीके फिरते. हप्ता जमा व्हायच्या सुमाराला बरोब्बर येते. द्राक्षफवारणीच्या ग्रुपवर तिघांनी टाकली, तिघंही म्हणतात आम्ही टाकलीच नाही. आता तुमचं वाचून कळलं, खरंच बोलत होते बिचारे. आम्ही त्यांना ग्रुपातून काढून टाकलं होतं.

अंबडचा वायरमन

धागा वाचून कानकोंडा झालो, कारण 'तो लावून गेला' त्यातला मीच एक आहे. चौदा वर्षं कॅमेरे लावतो. सिडको, पाथर्डी फाटा, अंबडच्या बारक्या कारखान्यांपर्यंत. खरं सांगतो, पहिली सात-आठ वर्षं मी प्रत्येक डीव्हीआरला एकच पासवर्ड द्यायचो. कारण गिऱ्हाईक पासवर्ड विसरतं आणि रात्री साडेअकराला फोन करतं, "गेटजवळ गाडीला कुणीतरी ठोकलं, फुटेज काढून द्या." मग मी घरी बसल्या बसल्या सांगायचो. सगळ्यांची सोय. फक्त माझ्याकडे काम शिकून सोडून गेलेल्या प्रत्येक पोराला शंभरेक घरांची किल्ली माहीत होती, एवढंच.

डोळे उघडले ते मिराई नावाच्या व्हायरसबद्दल वाचल्यावर. २०१६ ची गोष्ट. अमेरिकेतल्या कॉलेजवयाच्या तीन पोरांनी एक प्रोग्रॅम लिहिला, मूळ भांडण काय तर माइनक्राफ्ट खेळाच्या सर्व्हरांवरून. तो इंटरनेटवर कॅमेरे, डीव्हीआर, राऊटर शोधत फिरायचा आणि कारखान्यातून येणाऱ्या नावा-पासवर्डांच्या साठेक जोड्या लावून बघायचा. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, रूट-१२३४५६ असल्या. लाखो उपकरणं त्याच्या ताब्यात गेली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला असल्याच उपकरणांच्या फौजेने डाइन (Dyn) नावाच्या, संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अडखळले. हॅकर म्हटलं की सिनेमातल्यासारखं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इथं नुसतं दार ढकललं, ते उघडंच होतं.

मजेचा भाग असा की मिराई उपकरणाच्या तात्पुरत्या मेमरीत राहायचा. स्विच बंद-चालू केला की जायचा. पण पासवर्ड तोच ठेवला तर काही मिनिटांत परत हजर.

आता चेअरमनना सांगा. डीव्हीआरचा मूळ 'अ‍ॅडमिन' पासवर्ड बदला आणि तो सेक्रेटरी व खजिनदार या दोघांकडेच बंद पाकिटात ठेवा. वॉचमन आणि कमिटीला फक्त बघण्यापुरतं वेगळं युजर खातं करून द्या, सगळ्यांना अ‍ॅडमिन देऊ नका. मोबाइलवर किती जणांनी ते अ‍ॅप जोडलंय ती यादी काढा. फ्लॅट विकून पुण्याला गेलेले माजी चेअरमन तिथे हमखास सापडतात. राऊटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' आणि 'यूपीएनपी' (बाहेरून आतल्या उपकरणापर्यंत वाट उघडणाऱ्या सोयी) आहे का पाहा, नको असेल तर बंद. कंपनी फर्मवेअर देतच नसेल, तर तो डीव्हीआर इंटरनेटवरून काढा. रेकॉर्डिंग नेटशिवाय चालतं, फुटेज खाली जाऊन बघायचं. नवीन घेणार असाल तर थोडे जास्त पैसे लागले तरी चालतील, एप्रिल २०२५ पासून सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केली आहे, त्याबद्दल दुकानदाराला विचारा.

आणि घरात कॅमेरा लावताय तर बेडरूमकडे तोंड करून लावू नका. हे सांगावं लागतं, राव.

नक्को रे बाबा

सगळं वाचलं. घाबरवण्याचा धंदा जोरात आहे. माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय? खात्यात महिन्याच्या वीस तारखेनंतर चार आकडेही नसतात. फोनमध्ये नातवाचे फोटो आणि 'शुभ सकाळ'. घ्या म्हणावं.

गंगापूररोडकर

@नक्को रे बाबा, काका, आप्पांच्या नंबरवरून साठ जणांना पत्रिका गेली ती त्यांच्या खात्यात किती पैसे होते हे बघून नव्हे. तुमचा नंबर ज्यांच्या फोनमध्ये 'काका' म्हणून जपलेला आहे, ती माणसं चोराला हवी असतात. सिन्नरचा चुलतभाऊ आप्पांना अनोळखी असता तर ती फाइल उघडली गेली नसती.

माजी कॅशियर ताई

मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच काउंटरच्या जाळीमागे. थोडं माझंही.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा गाभा असा: चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुठे गळती झाली, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेले असतील, म्हणजे ओटीपी-पिन दिला, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोन्हीकडे घड्याळ महत्त्वाचं. काउंटरवर लोक यायचे आणि आधी अर्धा तास "माझी चूक नव्हती हो" हेच सांगायचे. अहो, ते नंतर. आधी खातं गोठवू द्या. बँकेतून तक्रार क्रमांक घ्या, लेखी घ्या, तो घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

दुसरं, बँकांची संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली होती. तेव्हा पत्त्याचा शेवट बघायची सवय लावा. मधे बँकेचं नाव असून काही होत नाही, शेवट बघायचा. आणि यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. जुना फ्रिज विकायला काढलात आणि 'पैसे पाठवतो, फक्त पिन टाका' म्हणणारा भेटला, तर फ्रिज राहू द्या घरात.

तिसरं, वादाचं. मी माझे पासवर्ड वहीत लिहिते. निळी, दोनशे पानी. देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात.

कॉलेजरोड कोडर

ताई, वही?! आयटीत असून हे वाचताना घाम फुटला. पासवर्ड मॅनेजर नावाची गोष्ट आहे. एक मोठा मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा, बाकीचे अ‍ॅप बनवतं आणि जपतं.

माजी कॅशियर ताई

@कोडर, बाळा, तुझं अ‍ॅप तुझ्यासाठी उत्तम. मी ६८ वर्षांची, मुख्य पासवर्ड विसरले तर काय? आणि मी अचानक गेले तर यांना वीजबिल भरता यायला नको का? परदेशात बसलेला चोर माझ्या देव्हाऱ्याखालची वही वाचायला येत नाही. तो एका ठिकाणचा फुटलेला पासवर्ड दुसऱ्या शंभर ठिकाणी लावून बघतो. वहीमुळे माझे सगळे पासवर्ड वेगवेगळे आहेत. तुझ्या ओळखीतल्या किती तरुणांचे आहेत?

यूपीआय आणि एटीएमचा पिन मात्र वहीत नाही. तो डोक्यात.

कॉलेजरोड कोडर

… हरलो. आमच्या ऑफिसातल्या निम्म्यांचा पासवर्ड कंपनीचं नाव, अ‍ॅट आणि चालू वर्ष एवढाच आहे. त्याला कारणही आहे, दर ९० दिवसांनी बदलायला लावतात. ही सक्ती आणि 'एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह' हा नियम २००३-०४ च्या सुमाराच्या अमेरिकन मानक संस्थेच्या दस्तऐवजातून जगभर पसरला. तो लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये मुलाखतीत त्याचा पश्चात्ताप व्यक्त केला, आणि त्याच वर्षी त्या संस्थेने भूमिका बदलली: पासवर्ड फुटल्याचा संशय नसेल तर उगाच बदलायला लावू नका, लांबी वाढवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. लक्षात राहतात आणि ओळखायला अवघड. फक्त आपल्या गाण्याच्या ओळीतले नकोत.

ईमेलचा पासवर्ड सगळ्यात भारी ठेवा. बाकी सगळ्या ठिकाणचं 'पासवर्ड विसरलो' शेवटी ईमेलवरच येतं.

अवांतर: विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. घरचा जुना लॅपटॉप त्यावर असेल तर वाढीव सुरक्षा योजनेत नोंदवा किंवा त्यावर बँकिंग करू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभर कॉम्प्युटर बंद पाडले, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. लोकांनी 'नंतर आठवण करा' दाबलं होतं.

देवळाली कॅम्पची सून

सिमचा पिन कुणीच लिहिला नाही? मागच्या वर्षी सीबीएसला बसमध्ये चढताना माझा फोन गेला. फोनला कुलूप होतं म्हणून मी निवांत. पोलिसांनी विचारलं, "सिमला आहे का?" तेव्हा ट्यूब पेटली. चोर तुमचा फोन उघडतच नाही, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो, आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे. सेटिंगमध्ये 'सिम लॉक' असतं. चालू करण्याआधी मूळचा पिन सिमकंपनीला विचारा, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकलं की पीयूके (सिम उघडायचा कंपनीकडचा कोड) मागतं, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद. कुलूपबंद पडद्यावर ओटीपीचा मजकूर दिसणंही बंद करा. फोन हरवला तर आधी सिम बंद, मग संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून फोन ब्लॉक. आयएमईआय आजच कुठेतरी लिहून ठेवा, *#०६# दाबलं की दिसतो. फोन गेल्यावर तो बघायला फोन नसतो!

पंचवटीची आजी

मला टेक्निकल समजत नाही. मागे मुंबईच्या नातवाच्या आवाजात फोन आला, आजी अपघात झालाय, पैसे पाठव, आईला सांगू नको. आवाज तोच हो. मी म्हटलं, आपल्या गोदाघाटावरच्या कबुतराचं नाव सांग. (लहानपणी एका लंगड्या कबुतराला तो नावाने हाक मारायचा.) फोन कट. आता घरात सगळ्यांचा असा एकेक प्रश्न ठरवलाय. कबुतराचं नाव इथे लिहिणार नाही.

डिजिटल अरेस्टवाल्यालाही मी सांगितलं, आधी आमच्या पंचवटी ठाण्यातला शिपाई पाठव, मी चहा टाकते. व्हिडिओ कॉलवर अटक होतच नाही, असला प्रकार कायद्यातच नाही म्हणतात.

निफाडचा बागायतदार

आजी, शंभर नंबरी!

एक विचारायचं राहिलं. आधारच्या अंगठ्यावरून पैसे काढल्याचं ऐकतो, त्याचं काय?

माजी कॅशियर ताई

@बागायतदार, आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं. जमिनीच्या कागदांवरचे ठसे उचलून असे पैसे काढल्याच्या घटना घडल्या आहेत, तेव्हा जरूर करा. फक्त रेशन दुकानात अंगठा लावायच्या आधी तात्पुरतं उघडावं लागेल, नाहीतर रांगेत भांडण. आणि लॉजवर, सिमच्या दुकानात झेरॉक्स देताना पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड' आधार द्या. सिंहस्थाच्या निमित्ताने खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

नक्को रे बाबा

ठीक आहे. हसू नका. सून म्हणाली म्हणून संचार साथीवर माझा नंबर टाकला. माझ्या नावावर पाच कनेक्शन दिसताहेत. एक माझं, एक सौ.चं, एक राऊटरचं, एक धाकट्या भावाचं. पाचवा नंबर कुणाचा? मी आयुष्यात कधी बघितला नाही. आठवतंय ते एवढंच, एका मेळाव्यात छत्रीखाली सिमवाला बसला होता, त्याने दोनदा अंगठा घेतला, म्हणाला, पहिल्यांदा नीट उमटला नाही.

देवळाली कॅम्पची सून

काका, त्या नंबरपुढे 'माझा नंबर नाही' असा पर्याय असतो, तो निवडून तक्रार नोंदवा आणि मिळालेला क्रमांक जपून ठेवा. त्या नंबरवरून उद्या कुणाला गंडवलं तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील. कुणी हसत नाहीये.

गंगापूररोडकर

खरंच कुणी हसत नाहीये, काका. बरं झालं इथे सांगितलंत.

@अंबडचा वायरमन, तुमचा प्रतिसाद छापून चेअरमनना दिला. डीव्हीआरच्या मोबाइल यादीत ११ नावं निघाली, त्यातली चार कुणाची ते अजून कळलेलं नाही. माजी चेअरमन मात्र होतेच. पुण्याहून रोज आमचं पार्किंग बघत होते. म्हणाले, "सवय झालीय रे, झोप येत नाही त्याशिवाय."

आप्पांच्या फोनमध्ये आता व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोमला बाहेरची अ‍ॅप घालायची परवानगी बंद आहे. तरी परवा त्यांनी मला एक मेसेज दाखवला, आज रात्री वीज कापणार, या नंबरवर फोन करा. काही न बोलता फोन पुढे केला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, बरं झालं दाखवलंत. मग आम्ही दोघांनी मिळून तो नंबर ब्लॉक केला.

आणि सिन्नरच्या चुलतभावाकडे खरंच लग्न निघालंय. पत्रिका काल आली. छापील, हळदकुंकू लावलेली, मुलगा स्वतः द्यायला आला होता. आप्पांनी ती आधी खिडकीतल्या उजेडाला धरून पाहिली.